बत्तीसचा बुश, नग एक

शनिवार, १ नोव्हेंबर

आजपासून वही. नवरोबा निरंजन म्हणाला, "लॅपटॉपवर लिही की. वेबसाइटवाली बाई तू, आणि वही कसली आणतेस?" पण लॅपटॉपवर लिहिलेलं कुठल्या तरी सर्व्हरवर जाऊन बसतं, आणि सर्व्हरचा काय भरवसा ते आज सकाळीच कळलं.

ज्या कंपनीच्या सर्व्हरवर माझ्या अकरा वेबसाइट आहेत तिची मेल आली. तीस नोव्हेंबरला ते सगळं कायमचं बंद करतायत. त्याआधी आपापलं सामान हलवून घ्या, नंतर काही मिळणार नाही. शेवटी 'आपल्या प्रेमाबद्दल आभार' असंही होतं. प्रेम कधी केलं होतं कोण जाणे.

सासूबाईंनी विचारलं, एवढी का तोंड पाडून बसलीस. त्यांना असं सांगितलं: वेबसाइट म्हणजे दुकान, आणि होस्टिंग म्हणजे ते दुकान ज्या भाड्याच्या गाळ्यात आहे तो गाळा. गाळेवाला गाळा पाडतोय, म्हणून दुकानं दुसरीकडे हलवायची आहेत.

"पाटी तीच राहणार ना?"

"तीच."

"मग गिऱ्हाइकाला कळणारही नाही."

अगदी हेच करायचंय. कोणाला काही कळता कामा नये. नोकरी सोडून पाच महिने झाले, आणि हे माझं पहिलं मोठं काम. अकरापैकी एक वेबसाइट जरी हरवली तरी भोसरीपासून चाकणपर्यंत बातमी जाईल, कारण हे सगळे शेडवाले, म्हणजे लहान कारखानदार, एकाच टपरीवर चहा पितात. भीती वाटतेय, पण खरं सांगायचं तर मजाही वाटतेय. दुसऱ्यांच्या दुकानांची कपाटं उघडायला मिळणार. आई म्हणायचीच, स्वरूपाला शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्याही मोजायच्या असतात.

सोमवार, ३ नोव्हेंबर

चाकणजवळ निघोज्याला जाऊन आले. दौलतरावांची शेड. वय साठीच्या पुढे, गावातलं जुनं घराणं, सहा मशिनी. वेबसाइट त्यांच्या बंटी नावाच्या पुतण्याने बनवली होती. तो बेंगलोरला गेला, तेव्हापासून तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिलेलं नाही.

"काय करायचीय ती हलवून, ताई? आमी मशिनीच इकणार हाय म्हैनाअखेरीला. तीस तारखेला भंगारवाला येतोय."

"हलवून ठेवते, काका. नको झाली तर नंतर पुसता येते. आधीच गेली तर परत आणता येत नाही."

"बघतंय कोन ती?"

मग मी शेड बघत हिंडले. पाच मशिनींवर धूळ होती. कोपऱ्यातल्या जुन्या लेथवर मात्र दसऱ्याचा वाळलेला हार, आणि मशीन तेल लावून लख्ख पुसलेलं. "ही चालते?" विचारलं तर म्हणाले, "चालवनारा न्हाई." मग पुसता कशाला, असं तोंडावर आलं होतं, पण गिळलं.

लेथमागे एक गोणी होती. आत पोलादी कड्या, एकसारख्या, बोटभर उंचीच्या. यांना बुश म्हणतात. बाहेरून बत्तीस मिलिमीटर, गाडीच्या कुठल्याशा भागात बसतात.

"रिजेक्ट माल हाय. दोनशे चाळीस नग. कंपनीनं परत धाडला, बसंना म्हनून."

"कधीचा?"

"झाली की तीन वर्सं."

"मग इतके दिवस ठेवला?"

"ऱ्हायला."

दिसायला इतक्या सुरेख होत्या की मी मागितल्याच. "घे की, भंगारच हाय." तीन उचलल्या. पासवर्ड लिहिलेला कागद शोधताना त्यांनी टेबलाचा खण उघडला, तर लाकडी डबीत मायक्रोमीटर. केसाएवढा फरक मोजायचं ते हत्यार. त्याच्या टोकाचा टवका उडाला होता. मी लगेच, "हे काय झालं?"

"पडला व्हता एकदा माझ्या हातनं. जेवनाच्या सुट्टीत." खण बंद केला. पासवर्ड सापडलाच नाही, शेवटी बंटीने फोनवर सांगितला.

येताना वाटलं, हा माणूस काही फेकत नाही आणि काही वापरतही नाही. बुश मात्र झकास आहेत. एक वीजबिलावर ठेवलाय, एक खिडकीच्या फटीत, तिसरा सासूबाईंनी देवघरात उदबत्तीला घेतला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

पहिलं दुकान हलवलं!

गुरुवारच का, तर आमच्या पट्ट्यातल्या लहान शेडना गुरुवारी सुट्टी असते. दुनिया रविवारी झोपते, आमची एमआयडीसी गुरुवारी. त्या दिवशी वेबसाइट तासभर लंगडली तरी कोण बघणार? आणि पहिला मान दौलतरावांना दिला. का, ते वहीत लिहायला हरकत नाही: ती गेली तरी रडणारं कोणी नव्हतं.

नुसती हलवली नाही, नटवलीही. चौकशीचा फॉर्म जुना तसाच ठेवला: नाव, फोन, माल, नग किती, कधीपर्यंत हवे. त्यात एक भर घातली. कोणी फॉर्म भरला की त्याच्या फोनवर लगेच आपोआप उत्तर जातं. मजकूर भोसरीच्या स्प्रिंगवाल्यांच्या वेबसाइटवरून उचलला: 'आपली चौकशी मिळाली. आम्ही किमान पाचशे नगांचीच ऑर्डर स्वीकारतो. कृपया नोंद घ्यावी.' कसं, एकदम मोठ्या कंपनीसारखं!

आणि सकाळी अकरा दहाला, मी चहाचा कप तोंडाला लावतेय तोच, चौकशी आली. मी ओरडलेच.

नाव: करीम. कंपनी: नाही. माल: बत्तीसचा बुश. नग: एक. कधीपर्यंत: घाई नाही. इतर माहिती: लेथच्या तिसऱ्या गिअरला गुरुवारी तेल द्यावे, नाहीतर शुक्रवारी ओरडतो.

उत्तरही त्याच मिनिटाला गेलं. यंत्रणा अगदी घड्याळासारखी चालतेय. पण गिऱ्हाइकाला शेडमधल्या लेथचा तिसरा गिअर कसा माहीत? आणि एकच बुश घेऊन हा करणार काय?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

दौलतरावांना फोन करून सांगितलं, काका, वेबसाइटवर गिऱ्हाईक आलं, आता बोला!

"किती नग?"

"एकच. बत्तीसचा बुश. कोणी करीम म्हणून आहेत."

मी दोनदा हॅलो हॅलो केलं. मग म्हणाले, "रेंज न्हाई ताई हितं," आणि फोन बंद. निघोज्याला टॉवर बसवायला हवा कोणीतरी.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आणखी चार झाल्या. काळेवाडीच्या इंदुताई मसालेवाल्यांनी बजावलं होतं की राहूकाळ सोडून हलवा, आणि हलवताना नारळ फोडा. नारळ फोडला. त्यांच्या लाल तिखटाचे फोटो नव्या जागी उलटे दिसत होते, ते सरळ केले. नारळाची चटणी केली.

बंटीने बेंगलोरहून आणखी एक पासवर्ड पाठवला. सोबत लिहिलंय, 'काकांची एक मेलपेटीपण आहे. फॉर्म भरला की त्यात जातं. मी कधी उघडली नाही, काकांना तर माहीतच नाही.' तीही हलवायला हवी.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज ती पेटी उघडली. दोन हजारांवर मेल, एकही वाचलेली नाही. बहुतेक कचरा: कर्ज घ्या, लॉटरी लागली, टक्कल घालवा. कचरा बाजूला केल्यावर मात्र एकशे चाळीस उरल्या, आणि त्या सगळ्या एकाच माणसाच्या. करीम.

सगळ्या गुरुवारच्या. अकरा ते बाराच्या मधल्या. दोन हजार तेवीसच्या फेब्रुवारीपासून जवळजवळ एकही गुरुवार चुकलेला नाही. मी कॅलेंडर काढून ताळा करत बसले, चहा निवला.

दुसऱ्यांची पत्रं वाचायची नाहीत, हा धंद्याचा नियम मीच घालून घेतलाय. तो सकाळी अकरापर्यंत पाळला. मग म्हटलं, मेल नीट हलल्यात का ते तपासायला शेवटच्या दहा तरी वाचाव्या लागतीलच. प्रत्येकीत बत्तीसचा बुश, नग एक, घाई नाही. आणि खाली एक ओळ:

'पावसात पत्रा गळतो, लेथवर कापड टाकावे.'

'लेथवर नवीन टर्नर असेल तर सांगावे, माल धरणारा चक थोडा डावीकडे ओढतो.'

'दसऱ्याला हार घातला असेलच.'

'नातीचा निकाल लागला. फर्स्ट क्लास.'

चौकशीच्या फॉर्ममध्ये नातीचा निकाल! मी निरंजनला माझा तर्क सांगितला: हा जुन्या मशिनींचा दलाल असावा. लेथवर डोळा आहे, म्हणून गोड बोलून ओळख वाढवतोय. निरंजन म्हणाला, "तीन वर्षं? दलाल तीन दिवस थांबत नाहीत." त्याला कशाचं कुतूहलच नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. काल गुरुवार होता, आणि काल पत्र आलं नाही. नव्या जागी फॉर्म बिघडला की काय? स्वतः भरून पाहिला. चांगला चालतोय.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

निरंजन कंपनीत क्वालिटीला आहे. माझ्या भुणभुणीला कंटाळून त्याने काल तिन्ही बुश डब्यात घालून नेले (उदबत्तीचा सुद्धा, सासूबाई अजून रुसल्यात) आणि आज मोजून आणले. बत्तीस हवेत, तर तिन्ही बत्तीसच्या वर वीस मायक्रॉन, म्हणजे केसाच्या पाव भागाएवढे. बरोबर तेवढेच.

"म्हणजे करणाऱ्याने माती खाल्ली," मी म्हटलं.

"उलट. माणूस चुकला की एक कमी निघतो, एक जास्त निघतो. तिन्ही एवढे सारखे आहेत म्हणजे हात सोन्याचा आहे याचा. मोजायचं हत्यार खोटं बोलत असणार."

"हत्यार कसं खोटं बोलेल?"

"पडलं बिडलं की बोलतं. मिटवल्यावर शून्य दाखवायला हवं, ते दाखवत नाही."

असेल. पाच वेबसाइट अजून राहिल्यात आणि मी बुश मोजत बसलेय.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आज अकराला लॅपटॉपसमोर जाऊन बसले. सव्वाअकरा झाले, पावणेबारा झाले. भाजी करपली. काही आलं नाही.

पुन्हा फॉर्म तपासला. या वेळी नाव, नग सगळं नीट भरलं, माझाच फोन टाकला. लगेच उत्तर आलं. 'आपली चौकशी मिळाली. आम्ही किमान पाचशे नगांचीच ऑर्डर स्वीकारतो. कृपया नोंद घ्यावी.'

तोवर हे वाक्य मी फक्त पाठवलं होतं, मला कधी आलं नव्हतं. तीन वर्षं हा माणूस दर गुरुवारी लिहीत होता, आणि त्याला आलेलं पहिलं उत्तर हे होतं. मी चहा पिता पिता धाडलेलं.

मग नियम गेला खड्ड्यात. सगळ्यात जुनं पत्र उघडलं. जसंच्या तसं इथे उतरवते.

'मालक, सलाम. फोन लावला, तुम्ही उचलला नाही. दोनदा शेडपर्यंत आलो, आत यायला पाय उचलला नाही. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, करीम तुझे डोळे गेले. बावीस वर्षांत पहिल्यांदा माल परत आला. तो लॉट केला त्या दिवशी सकाळी मायक्रोमीटरचं शून्य बघितलं होतं, बरोबर होतं. दुपारी लॉट सुरू करताना बघितलं नाही, ती माझी चूक. त्या लॉटमधला एक बुश पाठवा, दुसरीकडे मोजून बघतो. डोळे गेले असतील तर मला कळायला पाहिजे. कळेपर्यंत मशीनला हात लावणार नाही. सादिका टाइप करून देत आहे.'

समोर वीजबिलावर तोच बुश होता. रडू आलं मला. दलाल म्हणे! अक्कल गहाण ठेवली होती मी.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

फॉर्ममधल्या नंबरवर फोन केला. सादिकाने उचलला, करीमभाईंची मुलगी. राहतात संत तुकाराम नगरला, निघोज्यापासून तासभराच्याही आत.

"अब्बांनी लिहिणं सोडलं आता," ती म्हणाली. "कंपनीचं उत्तर आलं ना. पाचशे नग पाहिजेत म्हणे. अब्बांनी दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून, मग म्हणाले, राहू दे बेटा, मालकांनी सांगून टाकलं."

मी म्हटलं, ते मालकांनी नाही, मी लिहिलं होतं. मशीनने पाठवलं. तिला पटलं की नाही कळलं नाही.

"ते काम कुठे करतात आता?"

"सोसायटीच्या गेटवर. गाड्यांचे नंबर लिहितात. लेथवर बोलावलं होतं दोन-तीन ठिकाणी, गेले नाहीत. म्हणतात, डोळ्यांचा भरवसा नाही. सुट्टी मात्र मागून गुरुवारची घेतली. जुनी सवय."

तीस तारखेला ती गोणी भंगारात जाणार. आज एकवीस. कोणाला सांगायचं, कसं सांगायचं? दौलतराव चिडले तर? ते माझे गिऱ्हाईक, आणि मी त्यांची पत्रं वाचलीत. धंदा बुडाला तरी चालेल असं लिहिणार होते, पण तेही खरं नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

पहिलं पत्र कागदावर छापून निघोज्याला गेले. शेडमध्ये दौलतराव एकटेच होते. कागद हातात दिला. चष्मा लावून वाचला, मग पुन्हा वाचला.

"अशी एकशे चाळीस आहेत, काका. दर गुरुवारी एक. तुमच्या पेटीत पडून होती, कोणी उघडलीच नाहीत. आणि शेवटच्याला मी मूर्खासारखं उत्तर पाठवलं." पाचशे नगांचं सगळं सांगितलं. निरंजनचं मोजमापही सांगितलं: हात सोन्याचा होता, मायक्रोमीटर चुकला असणार.

मला वाटलं ते चकित होतील.

"ठावं हाय मला," ते म्हणाले.

"काय?"

"म्हैन्याच्या आतच कळलं. नवा पोरगा लावला व्हता, त्याचा बी माल वीसनं जास्त निघाला. तवा डबी उघडली आन् शून्य बघितलं. माझ्याच हातनं पडला व्हता त्यो. पडला तवा पुसला, ठिवला, कुनाला बोललो न्हाई. आन् माल परत आल्यावर करीमवर वराडलो, समद्या पोरांम्होरं."

"मग त्यांना बोलावलं का नाही?"

"कंच्या तोंडानं? आज बोलवतो, उद्या बोलवतो, आसं करत गेलं. म्हनलं, एवढा कारागीर, कुनी बी उचलला आसंल. मोठ्या कंपनीत आसंल आता. आपल्यापरीस बरा."

मी सांगितलं की ते सोसायटीच्या गेटवर बसतात, सुट्टी अजून गुरुवारचीच घेतात. मशीनला हात लावत नाहीत, डोळे गेले म्हणून.

दौलतराव त्या गोणीवर खाली बसले. मला त्यांचा राग आला होता, फार आला होता, पण त्यांचा चेहरा बघून तो ओसरला. मग म्हणाले, "गुरवारी सुट्टी आसती म्हनलीस ना त्याला?"

गुरुवार, २७ नोव्हेंबर

दुपारी संत तुकाराम नगर. दौलतराव आपल्या जीपने आले, मी स्कूटरवर. त्यांनी पांढरे कपडे घातले होते, हातात पिशवी. जिना चढताना दोनदा थांबले.

करीमभाई उंच, वाळकेसे, दाढी पांढरी. दार त्यांनीच उघडलं. मग बाजूला झाले. "या मालक."

सादिकाने चहा ठेवला. कोणी कपाला हात लावेना. दौलतरावांनी पिशवीतून तीन वस्तू काढून चटईवर मांडल्या: एक बुश, टवका उडालेला जुना मायक्रोमीटर आणि एक कोरा नवा.

"नग एक," ते म्हणाले. "उशीर झाला."

करीमभाईंनी आधी बुशला हात लावला नाही. नवा मायक्रोमीटर घेतला, मिटवला, शून्य बघितलं. मग जुना घेतला, मिटवला, खिडकीकडे धरून बराच वेळ बघितला. मग नव्याने बुश मोजला. बोटं अजिबात हलत नव्हती.

"वीस जास्त."

"व्हय."

"सगळे?"

"समदे. दोन दिस बसून मोजले मी. दोनशे सदतीसमधी एक बी हिकडंतिकडं न्हाई." दौलतरावांनी पिशवीची घडी केली. "तुझ्या डोळ्याला काय बी झालं नव्हतं, करीम. त्यो माझ्या हातनं पडला व्हता, जेवनाच्या सुट्टीत. आन् हे मला म्हैन्यातच कळलं व्हतं. आलो न्हाई मी."

मला वाटलं, आता दोघं गळ्यात पडतील. तसं काही झालं नाही. करीमभाईंनी दोन्ही मायक्रोमीटर सदऱ्याच्या टोकाने पुसले, डब्यांत ठेवले, झाकणं लावली.

"हजार दिवस, मालक," ते म्हणाले. "हजार दिवस मी लोकांच्या गाड्यांचे नंबर लिहिले."

करीमभाई उठले, बुश खिशात टाकला आणि म्हणाले, "नमाजची वेळ झाली." गेले. आम्ही थंड चहा प्यायलो आणि उठलो.

खाली जीपपाशी दौलतराव म्हणाले, "ठिवून घेतला न्हवं त्यानं बुश?"

"घेतला."

"मग बास."

काय बास, ते मला कळलं नाही. माझ्या मते सगळं बिघडलं. उगाच गेलो, उगाच जखम उघडली. कुतूहल कुतूहल करते आणि लोकांच्या घरात पाय घालते मी.

रविवार, ३० नोव्हेंबर

संध्याकाळी सहाला जुना सर्व्हर बंद झाला. अकराच्या अकरा वेबसाइट नव्या जागी उभ्या आहेत, कोणाला पत्ताही लागला नाही. सासूबाईंनी शिरा केला. मी आनंदात असायला हवी.

आपोआप जाणारं ते उत्तर काढून टाकलं. आता एवढंच जातं: 'आपलं पत्र पोचलं. माणूस वाचेल आणि उत्तर देईल.' एकशे चाळीस पत्रं कागदावर छापून निघोज्याला पाठवली, दौलतरावांनी मागितली होती. भंगारवाला आज येणार होता. फोन करून विचारायचा धीर झाला नाही.

गुरुवार, ४ डिसेंबर

अकराला बसले. बसायचं नाही ठरवलं होतं, तरी बसले. बारा वाजले. पेटी रिकामी.

फॉर्म तपासला, चालतोय. म्हणजे करीमभाईंनी खरोखरच सोडलं. शेवटी न राहवून दौलतरावांना फोन केला, वेबसाइट पुसायची का विचारायच्या निमित्ताने. पलीकडे एवढा आवाज होता की काही ऐकू येईना.

"काका, भंगारवाला अजून आहे का तिथे?"

"त्यो रविवारीच गेला. पाच मशिनी नेल्या. जुनी लेथ न्हाई दिली. ऱ्हाऊ दे म्हनलं, एक नग."

"मग हा आवाज कसला? आज गुरुवार, सुट्टी ना तुमच्याकडे?"

"करीम आलाय सकाळच्यानं." ते ओरडून बोलत होते, तरी आवाज दबकाच वाटला. "माझ्याशी बोलत न्हाई. चा दिला, घेतला न्हाई. घरनं डबा आनलाय त्यानं. आल्या आल्या तिसरा गिअर खोलला, तेल दिलं, आन् गोनीतला एकेक बुश काढून वीस वीस उतरवतोय. म्हनलं, आरं कंपनी घेनार न्हाई आता हा माल. तर ऐकंना."

"किती झाले?"

"पन्नासएक. म्या मोजून ठिवतोय बाजूला. समदे बत्तीस." थोडा वेळ नुसता लेथचा आवाज येत राहिला. "फुडच्या गुरवारी बी येनार आसंल, ताई. आजून दीडशेच्या वर हायेत."

वेबसाइट पुसायची का, ते विचारायचं राहून गेलं. राहू दे. फोन ठेवला आणि वीजबिलावरचा, खिडकीतला आणि देवघरातला, तिन्ही बुश पिशवीत भरून ठेवले. पुढच्या गुरुवारी निघोज्याला नेऊन द्यायला हवेत.